गाजलेल्या खटल्याची कागदपत्रं आणि त्यांवरच्या काळ्या पट्ट्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९९४ साली तुमच्या तालुक्यात एक खून प्रकरण खूप गाजलं. १९९७ मध्ये सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले आणि २००३ मध्ये सरकारचं अपील उच्च न्यायालयानं फेटाळलं. स्थानिक इतिहास लिहायचा म्हणून यंदा जानेवारीत तुम्ही जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात ‘प्रकरणाशी संबंधित सर्व कागदपत्रे’ मागितली. ४३ पानं आली, त्यांतल्या १९ पानांवर काळ्या पट्ट्या. सोबत एका ओळीचं पत्र: ‘कलम ८(१)(ज) व (ञ) अन्वये काही भाग वगळण्यात आला आहे.’ (कलम ८ म्हणजे माहिती नाकारायची कारणं. त्यातलं ‘ज’ तपासातल्या अडथळ्याचं, ‘ञ’ वैयक्तिक माहितीचं.) तिकडे अमेरिकेत जेफ्री एपस्टिन या धनिकाच्या लैंगिक शोषण प्रकरणाच्या फायली खुल्या कराव्या लागल्या, मग आपल्याकडे हे काळं पुसून घ्यायचा काही मार्ग आहे का, असं तुम्ही विचारता.

मी वकील नाही. एका जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयातल्या माहिती अधिकार कक्षात नऊ वर्षं काढली आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. उत्तराखाली सही साहेबांची असायची, काळं स्केचपेन माझं. आता घरी बसून लोकांना अपिलं लिहून देतो. तेव्हा जे सांगतो ते दोन्हीकडचं पाहून सांगतो.

तुमच्या मजकुरात एक गोष्ट खटकली. तुमचा सगळा राग पट्टीवर आहे, आणि ते एका ओळीचं पत्र तुम्ही मुकाट्यानं मान्य केलंय. मी असतो तर उलट केलं असतं.

पट्टी ही कायद्यानं दिलेली सोय आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम १० सांगतं की कागदातला काही भाग देता येण्यासारखा नसेल तर तेवढा वेगळा काढून उरलेला द्यावा. हे कलम नसतं तर एका नावापायी अख्खं पान, आणि एका पानापायी अख्खी फाईल अडली असती. पण याच कलमाचं दुसरं पोटकलम फारसं कोणी वाचत नाही. आम्हीही वाचत नव्हतो. भाग वगळला तर अर्जदाराला तशी नोटीस द्यावी लागते. निर्णय कोणी घेतला त्याचं नाव आणि हुद्दा, कारणं, ती कारणं कुठल्या वस्तुस्थितीवर आणि कुठल्या कागदावर आधारलेली, शुल्काचा तपशील, आणि दाद कोणाकडे मागायची, एवढं सगळं त्यात हवं. तुम्हाला आलेल्या ओळीत यातलं काय आहे? कुठली पट्टी ‘ज’ची आणि कुठली ‘ञ’ची, एवढंसुद्धा नाही. (हा ‘ञ’ टाइप करताना बऱ्याच कार्यालयांतून ‘त्र’ होऊन बाहेर पडतो. तुमच्याकडे तो नीट आलाय, म्हणजे कोणीतरी निदान पुस्तक उघडलं होतं.)

असं पत्र का जातं तेही सांगतो. पट्टी मारायला पाच मिनिटं लागतात, कारण लिहायला अर्धा तास. आणि लिहायला बसलं की निम्म्या पट्ट्यांना कारण सापडत नाही. ‘साहेब नको म्हणाले’ यापलीकडे कारण नसलेल्या पट्ट्या मी स्वतः मारल्या आहेत. बंदोबस्ताला माणसं कमी पडल्याचा शेरा, पंचनामा उशिरा झाल्याची नोंद, वरिष्ठानं कनिष्ठाला लिहिलेला खरमरीत मेमो. यात गुपित काही नसतं, असते ती लाज. अमेरिकेत १९ नोव्हेंबर २०२५ ला जो कायदा झाला त्यात म्हणूनच स्पष्ट लिहावं लागलं की कोणाची नाचक्की होईल, प्रतिष्ठा जाईल किंवा राजकीय अडचण होईल, या कारणासाठी एपस्टिन प्रकरणातला कुठलाही कागद अडवता येणार नाही. आपल्या कायद्यात असं वाक्य नाही, पण कलम ८ मधली कारणं मोजकी आहेत आणि त्यांत लाज बसत नाही. शिवाय अपिलात माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याची असते. तुम्ही काही सिद्ध करायचं नसतं.

तुमच्या प्रकरणात तर याहून मोठी गोष्ट सुटली आहे, तुमच्याकडूनही आणि त्यांच्याकडूनही. कलम ८(३) काढून वाचा. अर्जाच्या तारखेच्या वीस वर्षं आधी घडलेल्या प्रसंगाची किंवा घटनेची माहिती द्यावीच लागते. अपवाद फक्त क, ग आणि झ या तीन खंडांचा, म्हणजे देशाची सुरक्षितता वगैरे, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. ‘ज’ आणि ‘ञ’ या यादीत नाहीतच. कार्यालयं कधीकधी म्हणतात की वीस वर्षं घटनेपासून नव्हे, प्रकरण शेवटी निकाली निघालं तिथून मोजायची. हा वाद अलीकडच्या प्रकरणात अडचणीचा ठरू शकतो. तुमच्या बाबतीत १९९४ पासून मोजा नाहीतर २००३ पासून, वीस वर्षं उलटलेलीच आहेत. मला विचाराल तर तुमचं निम्मं अपील या एका पोटकलमावर उभं राहतं.

ज्यांचं प्रकरण वीस वर्षांच्या आतलं आहे त्यांची वाट थोडी लांबची. ‘ज’ म्हणजे तपासात, आरोपी पकडण्यात किंवा खटला चालवण्यात अडथळा येईल अशी माहिती. यातला ‘अडथळा येईल’ हा भाग कार्यालयं गाळतात आणि ‘तपास सुरू आहे’ एवढंच लिहितात. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २००७ मध्ये भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात सांगितलं की तपास चालू आहे एवढं म्हणून भागत नाही. माहिती दिल्यानं त्याला बाधा कशी येईल हे दाखवावं लागतं. हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसला तरी माहिती आयोगापुढे सर्रास दाखवला जातो आणि चालतो. एखादा आरोपी अजून फरार असेल तर मात्र ‘ज’ला दम असतो, तिथं मी भांडत नाही. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला असेल तर गणितच वेगळं. ती यंत्रणा २०११ पासून कलम २४ खाली कायद्याच्या बाहेर आहे आणि भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचं उल्लंघन असल्याशिवाय तिच्याकडून काही निघत नाही.

‘ञ’चं दुखणं नवं आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती देणं म्हणजे खासगीपणावर विनाकारण घाला आहे, असं दाखवावं लागायचं. विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं परंतुकही होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं हे सगळं कापून ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. आता तपास अधिकाऱ्याचं नावसुद्धा वैयक्तिक म्हणून काळं होऊन येतं. हा आडमुठेपणा आहे असं माझं मत. वर्दीत केलेल्या कामाखालची सही खासगी कशी? उपाय उरतो तो कलम ८(२) चा: जपायच्या हितापेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. पण ते हित कोणतं हे तुम्हाला चार ओळींत नेमकं मांडावं लागतं. ‘जनतेला जाणून घ्यायचा हक्क आहे’ असं लिहिलंत तर ते कोणी वाचतही नाही.

आता एक पट्टी अशी, जिच्यासाठी कायदा तुमच्या बाजूचा असला तरी मी तुम्हाला भांडू नका म्हणेन. बातमीदाराचं, म्हणजे पोलिसांना गुपचूप खबर देणाऱ्याचं नाव. खंड ‘छ’. वीस वर्षांनंतर तोही गळून पडतो, कागदावर. पण माणसं त्याच गावात राहतात.

आमच्याकडे एका गाजलेल्या दरोड्याची फाईल होती. बातमीदाराचं नाव मी सात ठिकाणी काळं केलं. मूळ कागदाला पेन लावायचं नसतं. आधी झेरॉक्स, तिच्यावर काळं, मग त्या काळ्याची परत झेरॉक्स, कारण पहिली प्रत उजेडाला धरली की शाईखालची टोनरची अक्षरं चमकतात. हे सगळं केलं, खिडकीशी धरून पाहिलं, पाठवून दिलं. आठव्या ठिकाणी नाव नव्हतंच. तिथं लिहिलं होतं, ‘स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचे दुकान असलेला इसम’. त्या गावात स्टँडसमोर तसलं दुकान एकच. अर्जदार भला माणूस, त्यानंच फोन करून सांगितलं आणि ते पान परत आणून दिलं. बातमीदार तोवर वारला होता, पण दुकान मुलगा चालवत होता. त्यानंतर मी नावं शोधायचं सोडून वाक्यं वाचायला लागलो.

अमेरिकेत हीच चूक संगणकावर झाली. डिसेंबर २०२५ मध्ये ज्या फायली आल्या त्यांतल्या काहींवरची काळी पट्टी नुसती वर ठेवलेली होती. मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की खालचं सगळं वाचता येत होतं. दुसरीकडे पीडित महिलांची नावं उघडी राहिल्याच्या तक्रारी त्यांच्या वकिलांना कराव्या लागल्या. तुम्हाला पीडीएफ आली आणि असं काही उघडं पडलं तर ते कुठंही टाकू नका, कार्यालयाला कळवा. विशेषतः बलात्काराच्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. प्रकरण किती जुनं, हे तिथं कोणी विचारत नाही.

इथवरचा हिशेब: पट्टीनिहाय कारण मागायचं, तुमच्या बाबतीत वीस वर्षांचं पोटकलम पुढे करायचं, आणि बातमीदार व पीडिता सोडून द्यायच्या. आता दुसरं दार.

तुम्ही एकाच कार्यालयाकडे ‘सर्व कागदपत्रे’ मागितलीत. खटला संपलेल्या प्रकरणात कागद किमान तीन घरांत असतात. पोलिसांकडे तपासाची फाईल, न्यायालयात खटल्याची, आणि प्रकरण विधानसभेत गाजलं असेल तर मंत्रालयात गृह विभागाची. यातलं न्यायालयाचं घर लोक विसरतात, आणि पट्ट्यांवरचा सर्वांत स्वस्त उतारा तिथंच असतो. ज्या साक्षीदारानं खुल्या न्यायालयात पिंजऱ्यात उभं राहून नाव, वय, गाव सांगितलं, त्याचं नाव पोलीस जबाबात काळं करून काय साधतं? ते निकालपत्रात चारदा छापलेलं असतं.

म्हणून पहिलं काम, सत्र न्यायालयाच्या आणि उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत मिळवा. उच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल संकेतस्थळावर सापडायची शक्यता बरी आहे. सत्र न्यायालयात माहिती अधिकाराचा अर्ज देऊ नका. न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच घ्यायच्या, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवून टाकलंय. नक्कल विभागात तिऱ्हाईत म्हणून अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र. माहितीच्या अर्जात ‘का हवं’ हे विचारता येत नाही, इथं मात्र सांगावं लागतं आणि परवानगी न्यायाधीश देतात. स्थानिक इतिहास लिहिताय, तर तसं साधं लिहा.

निकाल हाती आला की तो एका बाजूला ठेवा, पोलिसांची ४३ पानं दुसऱ्या बाजूला, आणि पेन्सिल घेऊन बसा. पंच क्रमांक, साक्षीदार क्रमांक, तारखा जुळवत गेलात की १९ पानांतल्या बऱ्याच पट्ट्या आपोआप भरतात. मी एका बाईंसाठी हे केलं तेव्हा चौदा पट्ट्यांपैकी अकरा निकालातूनच उलगडल्या. उरलेल्या तीनसाठी अपील केलं. चौदासाठी भांडणारा माणूस कटकट्या वाटतो. तिनांसाठी भांडणाऱ्याचं अपील अधिकारी वाचतात.

मागणी नेमकी असली की काय होतं, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण २६/११ चं आहे. अशोक कामटे, हेमंत करकरे आणि विजय साळसकर कामा रुग्णालयाजवळ मारले गेले. त्या रात्री नेमकं काय घडलं हे कळावं म्हणून कामटे यांच्या पत्नी विनिता यांनी माहितीच्या अधिकारात मागितली ती मुंबई पोलीस नियंत्रण कक्षाच्या संभाषणाची नोंद. एक ठरावीक रजिस्टर, एक ठरावीक रात्र. सहजासहजी नाही मिळाली, पण मिळाली, आणि मदत कधी मागितली गेली यावरची चर्चा त्या नोंदीभोवती फिरू लागली. पोलिसांकडे कागद नावानं राहतात: स्टेशन डायरी, आवक-जावक, मुद्देमाल रजिस्टर, नियंत्रण कक्षाची लॉगबुकं, गुन्ह्याचा गोषवारा, वरिष्ठांचे भेट-शेरे. त्या नावानं मागा. ‘सर्व कागदपत्रे’ म्हटलं की लिपिक जे वर सापडेल ते ४३ पानांत गुंडाळतो.

उलट बाजूचं उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर सगळंच मिळतं असं वाटेल. मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर गुन्हेगार आणि राजकारणी यांच्या साटंलोट्यावर केंद्रीय गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमली गेली. अहवाल ऑक्टोबर १९९३ मध्ये तयार झाला आणि संसदेपुढे आला तो ऑगस्ट १९९५ मध्ये, मोजक्या पानांचा, ज्या माहितीवर तो उभा होता ती सोडून. ती उघड करावी म्हणून खासदार दिनेश त्रिवेदी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ च्या निकालात न्यायालयानं लोकांचा माहितीचा हक्क मान्य केला, पण गुप्तचर यंत्रणांचं ते साहित्य खुलं करायला नकार दिला. माहिती अधिकार कायदा तेव्हा नव्हता. पण आजही तसल्या कागदांपुढे खंड ‘क’ उभा राहील, आणि तो वीस वर्षांनी गळत नाही. तुमच्या तालुक्यातल्या खुनात देशाची सुरक्षितता कुठून येणार? म्हणून तुमची शक्यता मला चांगली वाटते.

एक धोका आहे. अपील दाखल झाल्यावर अचानक उत्तर येऊ शकतं की ‘सदर अभिलेख नष्ट करण्यात आला आहे’. सरकारी कागदांची वर्गवारी असते. अ वर्ग कायमचा, ड वर्ग वर्षभराचा, मधले त्या त्या मुदतीचे. नष्ट करताना यादी होते, तिच्यावर मंजुरीची सही होते. असं उत्तर आलं तर नवा अर्ज करून ती यादी आणि तो आदेश मागा. मी पाहिलंय, यादी मागितली की काही ‘नष्ट’ फायली तळघरातल्या गठ्ठ्यात सापडतात.

आता कामाचं. पहिलं अपील जोडपत्र ‘ब’ मध्ये, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. भाषण लिहू नका. मी साधारण असं लिहून देतो:

‘पृष्ठ क्र. १२, ओळ ४ ते ९ वगळताना कोणता खंड लावला व का, हे कलम १०(२) प्रमाणे कळविलेले नाही. घटना सन १९९४ ची असल्याने कलम ८(३) नुसार खंड (ज) व (ञ) लागू होत नाहीत. बातमीदाराची व पीडित महिलेची ओळख वगळून उर्वरित मजकूर विनामूल्य पुरवावा. मूळ नस्तीचे पृष्ठांकनासह निरीक्षण करण्यास दिनांक द्यावा.’

प्रत्येक पट्टीला अशीच एक ओळ. शेवटची निरीक्षणाची मागणी विसरू नका. मूळ फाईल समोर आली की एकूण पानं किती आणि तुम्हाला आली किती, हे मोजता येतं. नाजूक पानं ते पाकिटात घालून बाजूला ठेवतील, ठेवू द्या, पाकिटावर पान क्रमांक लिहून घ्या.

अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, लेखी कारण देऊन फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. नाही झाला किंवा पटला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथं मात्र वेळ लागतो, खंडपीठाप्रमाणे वर्ष किंवा जास्तही. म्हणून सगळा जोर पहिल्या अपिलावर, आणि दरम्यान नक्कल विभागाचा अर्ज चालू ठेवायचा.

पत्र मिळून अठरा दिवस झाले म्हणता. पहिल्या अपिलाची मुदत पत्र हातात पडल्यापासून ३० दिवसांची, म्हणजे बारा दिवस उरले. पत्रावरची तारीख आणि ते तुम्हाला मिळाल्याची तारीख यांत आठवड्याचा फरक सहज पडतो, आणि मुदतीचा वाद निघाला तर तो टपालाच्या शिक्क्यावरच सुटतो. तो लिफाफा रद्दीत गेला नसेल तर आधी तो शोधून अपिलाला जोडा.